अकॅडमीवाल्यांनो, 1944 ची ती यादी परत बाहेर काढा

प्रति,
अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस, म्हणजे आम्ही ज्यांना सरळ 'ऑस्करवाले' म्हणतो ते तुम्ही सगळे,

नमस्कार. पत्र मराठीत लिहितेय, तुमच्याकडे कुणी ते वाचेल अशी भाबडी आशा नाहीये, पण खुलं पत्र आहे, तुम्ही नाही वाचलं तरी इथली सिनेमावेडी मंडळी वाचतील आणि त्यातले दोघं-चौघं तरी माझ्याशी किंवा तुमच्याशी भांडायला उठतील, तेवढं मला पुरे.

मुद्दा आधीच सांगून टाकते. 1939 च्या सिनेमांपासून ते 1966 च्या सिनेमांपर्यंत, मधलं 1957 चं एक वर्ष सोडलं तर, तुम्ही ब्लॅक अँड व्हाईट सिनेमॅटोग्राफीला वेगळं ऑस्कर देत होता आणि रंगीतला वेगळं. त्यातला युद्धाचा काळ, 1941 ते 1945, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच तुम्ही 'विजेत्यांची नावं' एवढ्यावर गुंडाळून ठेवलाय. मला त्या वर्षांच्या पूर्ण याद्या हव्यात, हरलेल्यांसकट, आणि नुसती नावं नकोत, त्यांनी काय केलं ते दिसायला हवं. आता डेटाबेस आहे की आमच्या वेबसाईटवर, असं तुम्ही म्हणाल. आहे ना, आणि चांगला आहे. पण तिथे काही शोधायचं तर आधी नाव माहीत असावं लागतं, आणि ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही त्याला शोधणार कोण?

आता या विषयावर कुणी बोलायला लागलं की पहिलं रडगाणं ठरलेलं असतं, ते म्हणजे 1941 ला 'सिटिझन केन' हरला, त्याचा कॅमेरामन ग्रेग टोलंडवर अन्याय झाला. मी त्या रडगाण्यात नाही हं. एक तर टोलंडला आधीच मिळालं होतं, 1939 ला 'वदरिंग हाईट्स'साठी, म्हणजे तुम्ही कॅटेगरी वेगळी केलीत त्या पहिल्याच वर्षी. आणि ऑर्सन वेल्सने केनमध्ये स्वतःच्या दिग्दर्शनाच्या श्रेयाशेजारी त्याच पाटीवर टोलंडचं नाव दिलं, तेव्हा असा मान कॅमेरामनला कोण देत होतं? दुसरं म्हणजे ज्याने त्याला हरवलं तो आर्थर मिलर, 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'वाला, तो काही ऐरागैरा नव्हता. लोक तो सिनेमा न बघताच त्याला नावं ठेवतात, फक्त त्याने केनला हरवलं म्हणून.

त्या सिनेमाची गंमत ही की तो मुळात रंगीत व्हायचा होता, टेक्निकलरमध्ये, आणि शूटिंग ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात जाऊन करायचं ठरत होतं. युद्ध सुरू झालं, ब्रिटनमध्ये बॉम्ब पडायला लागले, मग खाणकामगारांचं अख्खं गाव कॅलिफोर्नियात मालिबूजवळच्या डोंगरात उभं केलं. आता कॅलिफोर्नियाचे डोंगर कसे, तर सुके, पिवळट, वेल्सच्या हिरवाईशी त्यांचा काडीचा संबंध नाही, रंगीत फिल्मवर ताबडतोब चोरी पकडली गेली असती. म्हणून ब्लॅक अँड व्हाईट. सिनेमाच्या नावातच 'ग्रीन' आहे आणि त्यात हिरवा रंग औषधालाही नाही, आणि तरी दरी हिरवीच वाटते बघणाऱ्याला, हे मिलरचं काम.

त्यातला लग्नाचा सीन काढून बघा. मॉरीन ओहारा नवऱ्याबरोबर चॅपलमधून बाहेर येते, डोक्यावरची ती झिरझिरीत ओढणी वाऱ्याने सरळ वर उडते, धुरासारखी, ती गाडीत बसते, गाडी जाते, लोक पांगतात, आणि मग लक्षात येतं की मागे लांब झाडाखाली एक माणूस उभा आहे, एवढासा, काळा ठिपका म्हणावा असा. तो पाद्री, ज्याच्यावर तिचं खरं प्रेम. मिलरने विचारलं होतं दिग्दर्शक जॉन फोर्डला की जवळून एक शॉट घेऊया का, आणि फोर्ड नको म्हणाला, कारण घेतला तर स्टुडिओवाले तो वापरतील! म्हणून तो ठिपका ठिपकाच राहिला. मला विचाराल तर त्या एका फ्रेमसाठी ऑस्कर दिलं असतं तरी चाललं असतं, त्यामुळे 1941 चा निकाल मला मान्य आहे, माझं भांडण पुढच्या वर्षांशी आहे.

पुढची वर्षं म्हणजे टंचाईची. 1942 साली तिकडच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाने नियम काढला की एका सिनेमाच्या सेटसाठी नवीन सामान 5,000 डॉलरच्या वर वापरायचं नाही. लाकूड नाही, खिळे नाहीत, कापड नाही, जुनेच सेट रंग मारून परत वापरा. कच्च्या फिल्मवर कपात. किनाऱ्यावर दिवे मंद ठेवायचे म्हणून रात्रीच्या आउटडोअर शूटिंगवर बंधनं. तुमच्या बाहुल्यासुद्धा, म्हणजे ऑस्करच्या मूर्ती, युद्धातली तीन वर्षं धातूच्या नव्हत्या, प्लास्टरवर रंग दिलेल्या होत्या, युद्ध संपल्यावर लोकांनी त्या परत आणून खऱ्या घेऊन जायच्या. (आमच्याकडे लग्नात मोत्याचा हार ऐनवेळी मिळाला नाही की फुलांचा घालून वेळ मारून नेतात तसंच की हे.)

बरं, ही टंचाई काही तुमच्याच देशात नव्हती. इथे इंग्रज सरकारने युद्धाच्या दिवसांत कच्च्या फिल्मवर कंट्रोल आणला आणि सिनेमाची लांबी 11,000 फुटांवर बांधली, म्हणजे साधारण दोन तास, आणि तेव्हा आमच्याकडे तीन तासांच्या आतला सिनेमा म्हणजे पैसे वाया गेल्याची भावना असायची. कोल्हापूर-पुणे-मुंबईच्या सगळ्या स्टुडिओंना त्या मापात सिनेमा बसवावा लागला. त्यामुळे 'असेल त्यात भागवा' हे प्रकरण काय असतं ते आम्हाला वेगळं समजवायला नको.

तर सांगायचं काय, की सेट अर्धाच आहे, भिंत एकाच बाजूला आहे, मागे जुन्या सिनेमातला जिना आहे, अशा वेळी कॅमेरामन काय करणार? जे नाहीये ते अंधारात टाकणार आणि जे आहे त्याच्यावर एक तिरपी पट्टी मारणार. 'कॅसाब्लांका'चा शेवटचा एअरपोर्ट आठवा. खऱ्या विमानतळावर रात्री लवाजमा घेऊन कोण जाऊ देणार होतं तेव्हा, म्हणून तो स्टेजवर केलाय, मागचं विमान म्हणजे कापून उभा केलेला देखावा आहे, ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याजवळ बुटके लोक मेकॅनिकच्या कपड्यात उभे केलेत, आणि हे सगळं झाकायला धुकं. एवढं धुकं की विचारू नका. कॅमेरामन आर्थर एडेसनने त्या धुक्यात इन्ग्रिड बर्गमनच्या डोळ्यांत दोन ठिपके चमकवले आणि जगाने विमानाकडे बघितलंच नाही. त्याला नॉमिनेशन मिळालं 1943 चं, आणि जिंकला कोण, तर परत आर्थर मिलर, 'द साँग ऑफ बर्नाडेट'साठी. संतपटासाठी. तेजोवलय, कुमारी मेरीचा साक्षात्कार, स्वच्छ चेहरे. काम वाईट नाही, मिलर वाईट काम करूच शकत नसावा, पण त्या सिनेमातला उजेड हा तुम्हाला आवडेल असाच उजेड होता आणि तुम्हाला तो आवडला.

आता माझ्या माणसाकडे येते. जॉन सायट्झ.

1943 ला 'फाईव्ह ग्रेव्हज टू कैरो', 1944 ला 'डबल इन्डेम्निटी', 1945 ला 'द लॉस्ट वीकेंड'. तिन्ही दिग्दर्शक बिली वाइल्डरचे, तिन्हीला सायट्झचा कॅमेरा, ओळीने तीन वर्षं नॉमिनेशन, ओळीने तीन वर्षं हात हलवत परत. पुढे 1950 ला 'सनसेट बुलेवार्ड'लाही तेच. एकूण सात नॉमिनेशन्स आणि बाहुली एकही नाही. 1979 ला गेला माणूस. इथे फिल्म स्टडीजच्या पोरांना विचारा, टोलंडचं नाव सगळ्यांना पाठ असतं, सायट्झ म्हटलं की मान खाजवतात, आणि गंमत म्हणजे स्वतःच्या शॉर्टफिल्ममध्ये पहिला शॉट काय लावतात, तर खिडकीच्या पट्ट्यांची सावली चेहऱ्यावर! अरे बाबांनो, तो शॉट गाजवला कुणी?

'डबल इन्डेम्निटी'तली ती दिवाणखान्याची खोली घ्या. इन्शुरन्सचा एजंट घरात शिरतो, बाहेर कॅलिफोर्नियाचं टळटळीत ऊन आणि आत खोली बंद, शिळी, पट्ट्यांच्या पडद्यातून उन्हाच्या रेघा आडव्या पडल्यात आणि त्या रेघांत धूळ तरंगतेय. आता खरी धूळ कॅमेऱ्याला तशी दिसत नाही, तेवढी ती चमकतच नाही. सायट्झने ॲल्युमिनियमची अगदी बारीक भुकटी हवेत उडवली, ती उजेड पकडते, आणि मग ती खोली वर्षभर कुणी झाडली नाहीये असं वाटायला लागतं. संवादात त्या घरातल्या बाईबद्दल अजून काहीच कळलेलं नसतं, पण तुम्हाला माहीत झालेलं असतं की या घरात काहीतरी सडलेलं आहे. त्या काळात बड्या हिरॉइनच्या घराचा दिवाणखाना मुद्दाम कळकट दाखवायचा, आणि तोही पॅरामाउंटसारख्या चकचकीत स्टुडिओत, ही साधी हिंमत नव्हे. मी तो सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा रीळ मागे नेऊन, म्हणजे आता रीळ कसलं, माऊसने मागे ओढून, फक्त धूळ बघितली, माणसं बघितलीच नाहीत.

आणि 'लॉस्ट वीकेंड'मध्ये हाच माणूस स्टुडिओ सोडून न्यूयॉर्कच्या थर्ड ॲव्हेन्यूवर जातो, कॅमेरा लपवतो, आणि नट रे मिलांड हातात टाईपरायटर घेऊन खऱ्या गर्दीतून चालत जातो, टाईपरायटर गहाण टाकून दारूचे पैसे उभे करायला, आणि सगळी दुकानं बंद. आजूबाजूच्या लोकांना पत्ताच नाही शूटिंग चाललंय म्हणून. हे 1945 साली दाखवलेल्या सिनेमात, म्हणजे रस्त्यावर उतरून सिनेमा करायचं श्रेय आपण नंतर ज्यांना ज्यांना वाटलं त्यातले कित्येक तेव्हा शाळेत होते.

मग 1944 ला जिंकलं कोण? जोसेफ लाशेल, 'लॉरा'साठी. आता लॉरा मला आवडतो, खोटं कशाला बोलू. आधी दिग्दर्शक आणि कॅमेरामन दोघंही वेगळे होते, दोघांनाही काढलं, ऑटो प्रेमिंजरने सूत्रं घेतली आणि लाशेलला आणलं. हा लाशेल म्हणजे आर्थर मिलरचाच वर्षानुवर्षांचा कॅमेरा ऑपरेटर, स्वतंत्रपणे काम सुरू करून फार दिवस झाले नव्हते त्याला, आणि लगेच ऑस्कर, म्हणजे गुरूने दोनदा नेलं ते बघून शिष्यानेही हात मारला. सिनेमा देखणा आहे. पण त्यातला अंधारसुद्धा श्रीमंत घरातला आहे, झुंबराखालचा, गालिच्यावरचा. सायट्झच्या अंधाराला घामाचा वास येतो. तुम्ही गालिचा निवडलात.

आणि पुढच्या वर्षी 'लॉस्ट वीकेंड'ला सिनेमा, दिग्दर्शक, नट, पटकथा अशी चार ऑस्कर दिलीत, कॅमेऱ्याचं मात्र हॅरी स्ट्रॅडलिंगला, 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'साठी. माझा एक आगाऊपणा चालवून घ्या, पण लॉराच्या मध्यभागी भिंतीवरचं एक पोर्ट्रेट आणि डोरियन ग्रेच्या मध्यभागीही एक पोर्ट्रेट, सलग दोन वर्षं कॅमेऱ्याचं ऑस्कर भिंतीवरच्या तसबिरीने नेलं! त्यात डोरियन ग्रेमधलं पोर्ट्रेट मधूनच एकदम टेक्निकलर रंगीत दिसतं, म्हणजे ब्लॅक अँड व्हाईटच्या बक्षिसाला उभ्या असलेल्या सिनेमात लोकांच्या लक्षात राहिलेले शॉट रंगीत. त्या वर्षीपासून नॉमिनेशनंही पाचवर आली. आदल्या वर्षी दहा होती.

त्या दहा-दहाच्या याद्या म्हणूनच मला प्रिय आहेत. त्यात नुसते सिनेमे नाहीत, जग आहे. रुडॉल्फ माटे बघा, पोलंडमध्ये जन्म, युरोपात डॅनिश दिग्दर्शक ड्रायरबरोबर काम, आणि हॉलिवूडला आल्यावर 1940 ते 1944 ओळीने पाच वर्षं नॉमिनेशन, एकदाही नाही मिळालं. जर्मन सिनेमातून आलेला कार्ल फ्रॉइंड आहे. आणि जेम्स वाँग हाऊ आहे, चीनमध्ये जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. त्याला 1942 ला 'किंग्ज रो'साठी नॉमिनेशन, 1943 ला तर एकाच वर्षी दोन सिनेमांसाठी, 'एअर फोर्स' आणि 'द नॉर्थ स्टार', दोन्ही युद्धावरचे, दोन्ही अमेरिकेच्या आणि दोस्तांच्या बाजूने लोकांची मनं तयार करणारे. आणि हा माणूस तेव्हा अमेरिकेचा नागरिक नव्हता, कारण चिनी माणसाला नागरिक होताच येत नव्हतं, तो कायदा डिसेंबर 1943 मध्ये उठला. त्याने पॅरिसमध्ये केलेलं लग्न कॅलिफोर्नियात धरत नव्हते, बायको गोरी म्हणून, ते 1948 पर्यंत. म्हणजे देशासाठी विमानं उडताना दाखवायला हा चालतो, मतदानाला चालत नाही, नवरा म्हणूनही नाही. तुम्ही त्याला ऑस्कर दिलंत, नाही असं नाही, 1955 आणि 1963 च्या सिनेमांसाठी, दोन्ही ब्लॅक अँड व्हाईटचीच. पण त्या 1943 च्या यादीत त्याचं नाव दोनदा आहे ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

टोलंडचं काय झालं ते पण सांगून टाकते, तो नौदलात गेला, फोर्डच्या तुकडीत, पर्ल हार्बरवर 'डिसेंबर सेव्हन्थ' केला, लांबलचक सिनेमा सरकारला नको तेवढा स्पष्ट वाटला, कापून अर्ध्याहून लहान केला आणि त्या कापलेल्याला तुम्ही डॉक्युमेंटरीचं ऑस्कर दिलंत. 1948 ला वयाच्या 44 व्या वर्षी गेला.

आता तुम्ही म्हणाल की बाई, ऐंशी वर्षांपूर्वीचे निकाल घेऊन काय बसलात. बसले कारण तुमची सवय गेलेली नाही. 2019 च्या फेब्रुवारीत तुम्हीच जाहीर केलं होतं की सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, मेकअप आणि शॉर्टफिल्म ही बक्षिसं जाहिरातींच्या वेळात उरकू. आणि तेव्हाचे तुमचे अध्यक्ष जॉन बेली स्वतः सिनेमॅटोग्राफर! आपल्याच माणसाने आपलंच पान उचललं. जगभरातले कॅमेरामन आणि दिग्दर्शक तुटून पडले, चार-पाच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला, आणि त्या रात्री कॅमेऱ्याचं बक्षीस गेलं कुणाला तर 'रोमा'ला, ब्लॅक अँड व्हाईट. नॉमिनेशनमध्ये 'कोल्ड वॉर' पण होता, तोही ब्लॅक अँड व्हाईट. मला तर त्या रात्री हसू आवरेना. 2022 ला परत तेच, या वेळी एडिटिंग, संगीत, साउंड धरून आठ बक्षिसं सोहळ्याआधीच देऊन टाकली. कॅमेरा वाचला तेव्हा, पण वाचला म्हणून आनंद मानायचा का?

आणि 2021 चा तो विनोद. 'मँक' नावाचा सिनेमा, 'सिटिझन केन' लिहिणाऱ्या माणसावरचा, डिजिटल कॅमेऱ्यावर ब्लॅक अँड व्हाईट शूट केलेला, जुन्या काळाची हुबेहूब नक्कल करत. त्याचा कॅमेरामन एरिक मेसरश्मिटला ऑस्कर मिळालं. केनला जे नाही मिळालं ते केनच्या गोष्टीला मिळालं, ऐंशी वर्षांनी. मेसरश्मिटबद्दल तक्रार नाही, कामच तसं आहे, पण 'जुनं दिसणं' तुम्हाला फार भावतं हे त्यावरून कळतं, आणि ते जुनं जेव्हा नवीन होतं तेव्हाचे लोक मात्र डेटाबेसच्या तळाशी.

आम्ही तरी कुठले शहाणे म्हणा. तुम्ही ब्लॅक अँड व्हाईटचं वेगळं बक्षीस बंद केलंत ते 1966 च्या सिनेमांनंतर, आणि आमच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कॅमेऱ्याला बक्षीस सुरूच झालं 1967 च्या सिनेमांपासून, तेही ब्लॅक अँड व्हाईट वेगळं, रंगीत वेगळं. तोवर दिग्दर्शकांचे सत्कार होत होते आणि कॅमेरामन स्टेजखाली उभा. व्ही. के. मूर्तींनी 'कागज के फूल'मध्ये तो उन्हाचा झोत आरसे लावून स्टुडिओत आणला 1959 ला, आणि फाळके पुरस्कार मिळाला 2008 सालचा. निव्वळ कॅमेरामन म्हणून तो मिळालेले ते पहिले. तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला आहे असं मी म्हणत नाही, पण मागायचा आहे.

मागणं असं. मेलेल्यांना बाहुल्या वाटा असं मी म्हणत नाही, ते हास्यास्पद होईल, आणि सायट्झच्या नातवंडांना बाहुली देऊन काय होणार. 2028 ला तुमचा शंभरावा सोहळा आहे आणि 2029 पासून सोहळा टीव्ही सोडून यूट्यूबवर जाणार असं तुम्हीच सांगितलंय. म्हणजे जाहिरातींच्या वेळेचं रडगाणं संपलं. मग त्या यूट्यूबवर 1941 ते 1945 ची एकेक यादी घ्या, दर नॉमिनेशनचा एक सीन, तीन-चार मिनिटांचा, आणि त्याबरोबर कुणीतरी आजचा काम करणारा कॅमेरामन किंवा कॅमेरावुमन बसवा जी सांगेल की लाईट कुठे होता, का होता, काय झाकलंय, धूळ कशाची आहे. पन्नासेक सीन होतील फार तर. सिनेमांचे हक्क डिस्ने, वॉर्नर, युनिव्हर्सल अशा पाच-सहा घरांत वाटले गेलेत हे मला माहितीये, पण ही सगळी घरं तुमच्याच सोहळ्यात पहिल्या रांगेत बसतात, तीन मिनिटांच्या सीनसाठी तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. विलशायर बुलेवार्डवर एवढं म्युझियम बांधलंत 2021 ला, लायब्ररी आहे, फिल्म अर्काइव्ह आहे, माणसं आहेत. आणि हो, गॅफरचं (दिवे सांभाळणारा), ऑपरेटरचं, ग्रिपचं (कॅमेऱ्याचं सामान उभं करणारा) नाव कागदपत्रांत सापडत असेल तर तेही टाका, लाशेलसारखे किती ऑपरेटर नुसते ऑपरेटर म्हणूनच गेले असतील.

सबटायटल्स द्या, म्हणजे इथे पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म आर्काइव्हच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांपासून ते सांगलीत लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या माणसापर्यंत सगळे बघतील. मराठी सबटायटल्स करायला मी तयार आहे, फुकट. सुरुवात 1944 पासून करा, आणि त्यातही पहिला 'डबल इन्डेम्निटी' लावा.

कळावे,
पुण्याची एक प्रेक्षक